दुष्काळातून उगवलेली बाग

कोलकात्याहून हुगळी ओलांडून शिवपूरच्या वनस्पती उद्यानात जाणारा प्रवासी बहुधा एकच गोष्ट मनाशी धरून निघतो: तेथील प्रचंड वड. त्यात नवल नाही. अदमासे अडीचशे वर्षांच्या या वडाला मूळ खोडच उरलेले नाही. १८६४ व १८६७ च्या वादळांत त्याला इजा झाली, पुढे बुरशी लागली आणि १९२५ साली खोड काढून टाकावे लागले. झाड मात्र पारंब्यांच्या आधाराने पसरतच राहिले. आज त्याने साडेचार एकरांहून अधिक भूमी व्यापली आहे.

पण वडाची सावली घेऊन परतणाऱ्या पुष्कळांना ही बाग मुळात कशासाठी लावली, याची कल्पना नसते. शोभेसाठी खचितच नव्हे. १७७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश प्रजा नाहीशी झाली, असा त्या वेळचा अंदाज होता. त्या भीषण दिवसांतही कंपनीची साऱ्याची वसुली कसोशीने चालू होती. कंपनीच्याच चाकरीतील लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट किड याने पुढे १७८६ साली सरकारला सुचविले की, पाऊस चुकला तरी माणसे जगतील अशी झाडे बाहेरून आणावीत: मलायाकडील साबुदाण्याचा ताड आणि इराणचा खजूर. (आपल्या उपवासाचा साबुदाणा त्या ताडाचा नव्हे, तो टॅपिओकाच्या कंदापासून होतो.)

याच पत्रव्यवहारातून १७८७ साली बाग उभी राहिली. परंतु अन्नाच्या विचाराला व्यापाराची जोड पहिल्यापासूनच होती, आणि ती लवकरच वरचढ ठरली. डचांच्या हातातील जायफळ, लवंग, दालचिनी बंगालमध्ये पिकवावी, जहाजांसाठी सागवान वाढवावे, असे मनसुबे रचले गेले. मसाल्याच्या झाडांना तेथील हवा मानवली नाही. सागवानाचीही निराशाच झाली. किड १७९३ साली वारला.

त्याच्या मागून आलेल्या विल्यम रॉक्सबर्गने बागेला शास्त्राचे वळण दिले. देशी चित्रकारांकडून त्याने वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढून घेतली. फुलाच्या पाकळीपासून बीजापर्यंत प्रत्येक अवयव त्यांत निराळा दाखविलेला आहे. रॉक्सबर्गचे नाव असंख्य वनस्पतींच्या नावांमागे लागले. ज्यांच्या कुंचल्यांवर हे काम उभे राहिले, त्यांतील बहुतेकांची नावेही कोणी नीट लिहून ठेवली नाहीत. नंतर नॅथॅनिएल वॉलिचच्या काळात चीनमधून आलेले चहाचे बी येथे रुजविण्यात आले आणि कंपनीला हवी होती ती संपत्ती अखेर चहाने दिली.

१८६४ च्या वादळात हजाराहून अधिक झाडे उन्मळून पडली. १८७१ पासून जॉर्ज किंगने तळी खोदून, रस्ते आखून बाग जवळजवळ नव्याने मांडली. आज प्रवासी हिंडतो ती पुष्कळशी त्याचीच आखणी. २०२० च्या अम्फान वादळानेही वडासह अनेक वृक्षांची हानी केली.

बागेत किडच्या स्मरणार्थ संगमरवरी कलश आहे. त्याने ज्या भुकेच्या धास्तीने लेखणी उचलली, ती १९४३ साली बंगालमध्ये पुन्हा आली. खेड्यापाड्यांतून निघालेली उपाशी माणसे तेव्हा नदीच्या पलीकडे, कलकत्त्याच्या पदपथांवर भाताच्या पेजेसाठी हात पसरीत होती.