सॉफ्टवेअर टेस्टिंग: कॉलेजात काय शिकवतात आणि नोकरीत काय लागतं?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट. त्यात एका ठिकाणी २१ इनपुट अपेक्षित होते, मिळत होते २०. टेस्टिंग झालं होतं, पण टेस्टमध्ये एकविसाव्या इनपुटला 'काहीही चालेल' अशी सूट होती. त्यामुळे चूक पकडलीच गेली नाही.

आता आपल्या परीक्षेकडे बघा. 'ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स टेस्टिंगमधला फरक लिहा.' मीही लिहिला, मार्कही मिळाले. पण नोकरीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याचा कोड समोर ठेवून विचारलं, "यात काय बिघडू शकतं?" तेव्हा काहीच सुचेना.

मग सिलॅबस चुकीचा आहे का? नाही. 'बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस' रोज उपयोगी पडतं. फॉर्ममध्ये १८ ते ६० वय चालत असेल, तर १७, १८ आणि ६०, ६१ टाकून बघायचं. कॉलेजात हे वहीतल्या तक्त्यावर थांबतं. कंपनीत पुढच्या गोष्टीही लागतात:

ऑटोमेशन: तोच तक्ता जेयुनिट किंवा पायटेस्टमध्ये लिहायचा. कोड बदलला की टेस्ट आपोआप चालतात.

बग रिपोर्ट: "अ‍ॅप चालत नाही" एवढं पुरत नाही. फोन कोणता, व्हर्जन कोणतं, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सगळं लिहावं लागतं.

शंका घेण्याची सवय: वयाच्या जागी काहीच भरलं नाही तर? देवनागरीत '१८' टाकलं तर?

कॉलेजांना यासाठी मोठा खर्च नाही. प्रॅक्टिकलला जर्नल उतरवून घेण्याऐवजी मुद्दाम चुका ठेवलेला प्रोग्राम द्यावा आणि चुका शोधण्याला मार्क द्यावेत.

तोवर तुम्ही थांबू नका. वरची दोन्ही टूल्स मोफत आहेत. स्वतःच्या प्रोजेक्टसाठी पाच टेस्ट लिहा. मग कोड मुद्दाम बिघडवा आणि टेस्ट पुन्हा चालवा. तरीही सगळ्या पास झाल्या, तर तुमच्या टेस्टनेही तीच 'काहीही चालेल'ची सूट दिली आहे.