वाशाची खरी लांबी

रामटेकच्या टेकडीवर वाकाटक काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले, केवल नरसिंह मंदिर आहे. त्याचे छप्पर सपाट, दगडी आहे. टेकडीखालच्या गावातली जुनी घरे मात्र उतरत्या छपरांची, कवेलूंची. या भागात वर्षाला सुमारे ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कवेलू एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. पाणी थांबले की ते गळणारच, म्हणून उतार हवा. पण उतार आला की प्रश्न येतो: आढ्यापासून भिंतीपर्यंतचा वासा किती लांब कापायचा?

घराचा आराखडा वरून पाहिलेला असतो. समजा, त्यात आढ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर २.४ मीटर आहे आणि आढे भिंतीपेक्षा १.८ मीटर उंच आहे. मग वासा ३ मीटरचा लागेल. (वर्ग करून पाहा!) आराखड्यावर पट्टी ठेवून २.४ मीटरचा वासा कापला, तर तो वाया गेला. लाकूड कापून कमी करता येते, वाढवता येत नाही.

आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी रचण्यासाठी आला आहे. सुतार तो सूत्र न मांडता वापरतो. गुण्याच्या दोन भुजांवर आडवे अंतर आणि चढ प्रमाणात घेतले की तिरके अंतर मोजता येते. तिरक्या वस्तूची खरी लांबी कागदावरच्या दोन दृश्यांवरून काढण्याची शिस्तबद्ध रीत फ्रान्समध्ये गास्पार माँज यांनी घालून दिली. किल्ल्यांच्या बांधणीत तिचा उपयोग होता, म्हणून ती आधी लष्करी गुपित राहिली. १७९५ मध्ये त्यांनी ती व्याख्यानांतून उघडपणे शिकवली.

पुढचा टप्पा संगणकाचा. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली तयार केली आणि पडद्यावर रेघ काढता येऊ लागली. पण रेघ ही रेघच. ती वाशाची आहे की भिंतीची, हे संगणकाला ठाऊक नसे. १९७५ मध्ये चार्ल्स ईस्टमन यांनी वेगळा विचार मांडला: संगणकात चित्र नव्हे, इमारतच साठवावी. प्रत्येक घटकाचा आकार आणि जागा त्रिमितीत नोंदवावी, आराखडे आणि छेद त्यातून आपोआप काढावेत. १९८४ मधली ‘आर्चिकॅड’ आणि २००० मधली ‘रेव्हिट’ या आज्ञावली याच वाटेवरच्या.

अशा आज्ञावलीत छपराचे तिरके प्रतल आधी ठरवतात आणि वासे त्यावर मांडतात. उतार बदलला की सर्व वाशांची लांबी आपोआप बदलते. मग चूक होणारच नाही का? होते. वाशाच्या दोन्ही टोकांना एकच उंची दिली, तर संगणक त्याला निमूटपणे आडवा ठेवतो. आढ्याला समांतर जाणाऱ्या रिपांचे अंतर तिरक्या प्रतलावर मोजायचे की आराखड्यात, हेही आपणच सांगावे लागते. रिपांमध्ये ३२ सेंटिमीटर अंतर हवे असताना ते आराखड्यात मोजले, तर वरील उतारावर प्रत्यक्षात ४० सेंटिमीटर पडते आणि वरचे मंगलोरी कौल खालच्या रिपेपर्यंत पोचत नाही.

वजनाचेही तसेच. तिरक्या पृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४० किलोग्रॅम कौले असतील, तर आराखड्यातल्या एका चौरस मीटरवर ५० किलोग्रॅम भार येतो. उलट छपरावर चढणाऱ्या माणसांसारखा येणारा-जाणारा भार भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) आराखड्याच्या क्षेत्रफळावर मोजायला सांगितला आहे. दोन्ही भार एकाच मापाने मोजले, तर हिशेब चुकतो आणि वासा वाकण्याची भीती राहते. संगणक बेरीज करतो. कोणते क्षेत्रफळ घ्यायचे ते माणसाने सांगायचे.

कवेलूंच्या जागी आता स्लॅब आणि पत्रे येत आहेत. जुने घर पाडण्यापूर्वी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना टेप घेऊन तेथे न्यावे, असे आम्हाला वाटते. आढ्याची उंची आणि घराची रुंदी जमिनीवरून मोजावी, वाशाची लांबी वहीत काढावी, मग वासा मोजून ताळा पाहावा. भिंतीबाहेर आलेली वळचण मात्र वेगळी मोजावी, नाहीतर उत्तर जुळणार नाही. अशी मापे जपली, तर घर गेल्यावरही ते संगणकात पुन्हा उभे करता येईल.