बांगडीची निशाणी

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पितृपक्षात मी पहिल्यांदा महालयाला बसलो. भटजींनी नावे विचारली. वडील, आजोबा, पणजोबा ही तिन्ही नावे धडाधड सांगितली. मग आई, आजी. पणजीपाशी मात्र गाडी अडली. आत्याकडे पाहिले. ती म्हणाली, "आम्ही तिला काकतीची आजी म्हणायचो. नाव कोणी कधी घेतलंच नाही." भटजींना अशा अडचणींची सवय असते, त्यांनी मंत्र पुढे रेटला. मला मात्र त्या दिवशीचे जेवण गोड लागले नाही. जिच्या पोटी आजोबा जन्मले, तिला तीन पिढ्यांत आम्ही एका गावाच्या नावावर भागवले होते.

आम्ही मूळचे काकतीचे. बेळगावहून पुण्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर हमरस्त्याला लागून हे गाव आहे. आजोबा व्हर्नाक्युलर फायनल होऊन १९३५ च्या सुमारास घाट उतरून गोव्यात आले आणि मराठी शाळेवर मास्तर झाले. तेव्हा इथे पोर्तुगीज अंमल, आणि मराठी शाळा चालायच्या त्या गावच्या लोकांच्या पैशांवर. आजोबा परत काकतीला गेले नाहीत. कारण विचारले की एकच उत्तर असायचे : "आमची शेती चुलत्याने खाल्ली." हे वाक्य आमच्या घरात स्तोत्रासारखे पाठ होते. मीही ते माझ्या मुलांना सांगितले होते.

तर पणजीचे नाव शोधायचे ठरवून मी बेळगाव गाठले. (२०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. आमच्या तोंडात अजून बेळगावच आहे.)

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की सरकारला तुमच्या घराण्यात रस नसतो, जमिनीत असतो. माणसे नोंदली जातात ती जमिनीच्या मागोमाग. म्हणून सुरुवात आजच्या उताऱ्यापासून करावी आणि एकेक पायरी मागे जावे. आपल्या गोव्यात जसा 'एक-चौदा', महाराष्ट्रात सातबारा, तसा कर्नाटकात 'आर.टी.सी.'. 'भूमी' या योजनेखाली २००० सालच्या सुमारास हे सगळे उतारे संगणकावर आले. अर्थात कानडीतून. मला कानडी अक्षर येत नाही. पण खिडकीतल्या कारकुनाने वाचायला सुरुवात केली आणि मी चकित झालो. उताऱ्याला तो 'पहाणी' म्हणत होता. पुढे आकारबंद, टिपण, बिन, कोम, वारसा! लिपी कानडी, पण शब्द आपल्याच दप्तरातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि सीमेचा वाद आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. पण दप्तराची भाषा अजून सीमा ओलांडून नांदते आहे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, एवढे कळले तरी अर्धा उतारा उलगडतो.

उताऱ्यावरून फेरफार शोधायचे. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला. त्यानंतर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, का गेली, याची नोंद गावोगाव होऊ लागली. त्याच्या मागे १८४७ च्या संयुक्त अहवालाने घडी घातलेली सर्व्हे मोजणी आहे. घराणे इनामदार किंवा वतनदार असेल तर १८५२ च्या कायद्याने बळकट झालेल्या इनाम कमिशनचे कागद पाहावेत. इनाम टिकवायचे तर कैफियत द्यावी लागे आणि वंशावळ जोडावी लागे. ते रुमाल आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या शेजारी आहेत, अर्थात मोडीत. कागद नसेल तिथे हेळवी असतो. उत्तर कर्नाटकातल्या या भटक्या समाजाचे लोक बैलावर बसून गावोगाव फिरत, यजमानाच्या दारात त्याची वंशावळ म्हणून दाखवत आणि धान्य नेत.

आमच्याकडे ना इनाम ना वतन. म्हणून मला फेरफारावरच भिस्त ठेवावी लागली. दोन दिवस पाने उलटली. आधी सापडला तो जुन्या नोंदवहीतला पणजोबांचा मृत्यू. साल १९१८, कारण : ताप. गावच्या नोंदवहीत जवळजवळ सगळेच तापाने मरत. देवी, पटकी असे ओळखू येणारे रोग सोडले की बाकी सारा ताप. पण त्या पानावर त्याच आठवड्यात इतकी नावे होती, की कारण कोणी सांगायला नको. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आपल्याकडे जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत.

पुढच्या वर्षीचा फेरफार वारसाचा. मयताचे नाव, वारस म्हणून सहा वर्षांच्या मुलाचे, म्हणजे आजोबांचे, नाव. त्याखाली बारीक अक्षरात 'अ. पा. क. आई', आणि मग तिचे नाव. अज्ञान पालन कर्ती. मी ते नाव चार वेळा वाचले. जमीन तिची नव्हती, वारस ती नव्हती. मुलगा सज्ञान असता तर तिचे नाव त्या कागदावर आलेच नसते. नवरा मेला आणि मुलगा लहान होता, या दोन आपत्तींच्या फटीतून ती सरकारी दप्तरात शिरली होती.

काकतीत बसून हा विचार करताना दुसऱ्या एका बाईची आठवण होणे अपरिहार्य होते. कित्तूरची राणी चन्नम्मा ही काकतीच्या देसायांची लेक, जन्म १७७८ चा. तिच्या लढ्याच्या गोष्टी आपण शाळेत वाचल्या. पण त्या लढ्याचे मूळ एका वारसाच्या कागदात आहे, हे तेव्हा लक्षात आले नव्हते. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचा शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारला. त्याने दत्तक घेतल्याचा कागद पुढे आला, तेव्हा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने त्या कागदावरच संशय घेतला आणि दत्तक मानायला नकार दिला. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत चन्नम्माने देह ठेवला. डलहौसीने झाशी खालसा केली त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. वारस म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हे कोण ठरवणार? वाद एवढाच होता. तिने तलवार उपसली म्हणून इतिहासात तिचे नाव राहिले. त्याच गावच्या बाकीच्या बायका कागदाच्या फटींतच शोधाव्या लागतात.

पण माझी खरी परीक्षा पुढेच होती. १९२३ चा फेरफार सांगत होता, 'खूषखरेदी'. म्हणजे जमीन कोणी खाल्ली नव्हती, विकली गेली होती! तरी मनात आले, चुलत्यानेच स्वस्तात लाटली असेल. मग सब-रजिस्ट्रार कचेरी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तिथल्या पहिल्या पुस्तकात स्थावराच्या दस्तांची नक्कल असते, आणि ते पुस्तक व त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. फार थोड्या लोकांना हे माहीत असते.

नक्कल बाळबोधीत होती, साक्षीदारांच्या सह्या मोडीत. १९१७ मध्येच मुंबई सरकारने कारभारातून मोडी काढायचे ठरवले होते, पण लोकांच्या हाताचे वळण कुठे लगेच जाते? अज्ञानाची जमीन विकायची तर गरज दाखवावी लागे, नाहीतर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार मोडू शके. म्हणून असल्या खरेदीखतांत कारण खुलासेवार लिहिलेले असते. आमच्यात लिहिले होते : मयत पतीच्या आजारपणात झालेले देणे फेडण्यासाठी आणि अज्ञान मुलास बेळगावी शिक्षणास ठेवण्यासाठी. घेणारा गावातलाच, पण परक्या घरचा. आणि ज्या चुलत्याला आम्ही तीन पिढ्या शिव्या घातल्या, तो होता पहिला साक्षीदार. शेवटी तिच्या नावापुढे 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणारा शेतकरी नांगराची खूण करी, बाई बांगडीची. मूळ कागदावर तिने काढलेले ते वर्तुळ मला दिसले नाही, नकलेत फक्त हे दोन शब्द होते.

(जमिनीची गोष्ट आहे, आजचे खातेदार हयात आहेत, म्हणून नावे आणि सर्व्हे नंबर इथे देत नाही.)

संध्याकाळी धीर करून काकतीतल्या भाऊबंदांच्या घरी गेलो. घरातल्या म्हाताऱ्याने ओळख ऐकून आधी गूळ-पाणी पुढे केले आणि मग म्हणाले, "तुमचं आजोबा मास्तर झाल्यालं आम्हाला ठाव हाय. पण परत आलं न्हाईत. आमचा आजा म्हणायचा, काय चुकलं आमचं?" मी खिशातली नक्कल काढून त्यांना दाखवली. त्यांनी आजाच्या सहीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना खरे कधी कळले का? कळले असेल, तरी 'माझ्या शिक्षणासाठी आईने शेत विकले' हे वाक्य जन्मभर वागवणे जड. त्यापेक्षा 'चुलत्याने खाल्ले' हलके. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या हलक्या वाक्याखाली एक चुलता आणि एक आई, दोघेही गाडले गेले.

गोव्यात परतल्यावर माझा स्वतःचा जन्मदाखला काढून पाहिला. आपल्याकडे पोर्तुगिजांच्या काळापासून जन्माच्या नोंदीत आई तर असतेच, दोन्हीकडचे आजी-आजोबाही असतात. १८७० पासून लागू झालेल्या नागरी संहितेने बायकोला संसारात अर्धा वाटाही दिला. घाटावरच्या दप्तरात पणजीचे नाव मिळवायला मला दोन दिवस आणि दोन कचेऱ्या लागल्या. आपल्या आजीचे नाव मात्र आपल्या गावच्या रजिस्टरात असण्याची शक्यता मोठी आहे. तरी किती घरांत ते कोणाला ठाऊक आहे? दप्तरात नाव असणे वेगळे आणि घरात असणे वेगळे.

आत्याला मी खरेदीखत वाचून दाखवले. ती चुलत्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे मास्तरकी त्या शेतातून आली." यंदाच्या महालयाला भटजींनी विचारण्याआधीच तिने पणजीचे नाव सांगितले, जरा मोठ्यानेच. आणि पानांची संख्या विचारली तेव्हा म्हणाली, काकतीहून दोन माणसे येणार आहेत, ती धरा.