जोडलेलं आभाळ

फोटोसाठीच्या ओल्या कलोडियनच्या काचेवर निळा रंग फार लवकर उमटायचा. समुद्राला पुरेसा उजेड द्यावा तर आभाळ पांढरंफटक, ढग धरावेत तर पाणी काळंठिक्कर. १८५७ च्या सुमारास फ्रान्समधल्या सेत बंदराजवळ फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे यानं यावर तोड काढली. लाटांची निगेटिव्ह वेगळी, ढगांची वेगळी. दोन्ही एकाच कागदावर छापायच्या आणि सांधा क्षितिजाच्या रेषेत लपवायचा. ढग त्याच वेळचे असावेत असाही त्याचा आग्रह नसे. त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर एकच आभाळ पसरलेलं सापडतं!

एचडीआरचा, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडून उजेड-अंधार दोन्ही धरण्याच्या तंत्राचा, मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. मला ते अर्धंच पटतं. कारण ब्रॅकेटिंगचं, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त एक्स्पोजरनं टिपण्याचं, घराणं वेगळं आहे. स्लाइड फिल्मला एक्स्पोजरमधली चूक खपत नसे, म्हणून फोटोग्राफर एक फ्रेम मीटरप्रमाणे, एक अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) कमी, एक अर्धा स्टॉप जास्त अशी घेत. त्यातली एक ठेवायची, बाकीच्या बाद. जोडाजोडीचा विचारही नसे. तो निव्वळ विमा होता.

ही दोन घराणी एकत्र आली ती संगणकावर. १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या डिजिटल प्रतिमा एकत्र करण्याची रीत मांडली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी एका चर्चच्या अंतर्भागाचे १६ फोटो वापरले, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, दर खेपेला एका स्टॉपच्या फरकानं. कॅमेरा उजेडाचं आकड्यांत रूपांतर कसं करतो, हे त्या फोटोंवरूनच काढून त्यांनी दृश्यातल्या उजेडाचं खरं प्रमाण मांडलं. काचचित्रांमागचा सूर्य आणि कोपऱ्यातला अंधार एकाच हिशेबात आले. पण एवढा पल्ला पडद्यावर मावत नाही, तो दाबावा लागतो. पुढे ते दाबणं हौशी लोकांच्या हाती गेलं आणि काजळी धरलेल्या ढगांची, कडांना प्रभावळ असलेल्या इमारतींची साथच आली.

फोननं २०१० मध्ये आयफोनपासून तीन एक्स्पोजर आपोआप जोडायला सुरुवात केली. गूगलच्या फोन कॅमेऱ्यातल्या एचडीआर प्लसनं मात्र ब्रॅकेटिंगच सोडलं: सगळ्या फ्रेम सारख्याच, मुद्दाम कमी उजेडाच्या. त्या एकमेकींवर नीट बसतात, चालत्या माणसाचं भूत होत नाही. फक्त सावल्यांत दाणे राहतात. म्हणून पुढे गूगलच्याच पिक्सेल फोनमध्ये जास्त एक्स्पोजरची फ्रेम परत आली, आणि ती घेतली जाते शटर दाबून झाल्यावर.