देवाने हरलेला डाव : सारीपाट, जत्रा आणि मराठी कथनपरंपरा

मराठी समीक्षेत 'सारीपाट' हा शब्द विपुल आढळतो. सारीपाट मात्र आढळत नाही. संसाराचा सारीपाट, सत्तेचा सारीपाट, नियतीचा सारीपाट असे प्रयोग आपण इतक्या सहजतेने करतो की, या शब्दामागे चार पाख्यांचा एक कापडी पट, त्यावरील ९६ घरे, चार रंगांच्या १६ सोंगट्या, फासे किंवा कवड्या आणि समोरासमोर बसलेली माणसे होती, याचे भान उरत नाही. रूपक टिकले आणि ज्या व्यवहारातून ते निर्माण झाले तो व्यवहार विस्मरणात गेला. हे केवळ एका खेळाच्या ऱ्हासाचे लक्षण मानता येणार नाही. खेळाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी मराठी परंपरेत होत्या. त्यांपैकी एकच दृष्टी वाङ्मयेतिहासाने स्वीकारली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी शिरूर-दौंड परिसरातील लोकांच्या श्रद्धाविश्वातील एका कथेचा आधार घेतला आहे.

पटावरच्या खेळाभोवती माणसे मोठ्या संख्येने जमतात, या घटनेचे आजचे ठळक रूप पाश्चात्त्य देशांत दिसते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी १९६८ साली गॅरी गायगॅक्स यांच्या पुढाकाराने 'जेन कॉन' हा मेळावा सुरू झाला. २००३पासून तो इंडियानापोलिस येथे भर उन्हाळ्यात भरतो आणि अलीकडच्या वर्षांत त्याला सत्तर हजारांहून अधिक माणसे आली आहेत. जर्मनीतील एसेन येथे १९८३पासून असाच मेळावा शरद ऋतूत भरतो. या मेळाव्यांना बाजारपेठ म्हणून नाव ठेवता येते आणि ते गैरही नाही. परंतु त्यांचे सांस्कृतिक मर्म खरेदी-विक्रीपलीकडे आहे. एरवी एकमेकांना न ओळखणारी माणसे एका मेजाभोवती बसतात, काही तासांपुरते एकच नियम मान्य करतात आणि त्या नियमांच्या आत एकमेकांशी बरोबरीने वागतात. योहान हाउझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळाचे लक्षण सांगताना दैनंदिन व्यवहारापासून वेगळ्या केलेल्या स्थळकाळावर भर दिला होता. अशा वेगळ्या केलेल्या स्थळकाळाला आपल्याकडे जुने नाव आहे. ते म्हणजे जत्रा.

शिरूर आणि दौंड हे तालुके भीमेच्या अनुक्रमे उत्तर आणि दक्षिण तीरांवर वसलेले आहेत. कालव्यांचे पाणी आणि उसाची शेती येण्यापूर्वी हा मुलूख मुख्यतः ज्वारी-बाजरीचा आणि मेंढरांचा होता. पर्जन्यछायेतील त्याचे अनेक भाग आजही तसेच आहेत. रब्बीची ज्वारी निघाली की शेते मोकळी होतात आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो. उन्हाळा हा येथे विसाव्याचा काळ खरा, पण माणसांच्या गाठीभेटींच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत गजबजलेला काळही तोच. दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. तेथे चैत्र पौर्णिमेस यात्रा भरते. मार्गशीर्ष, पौष आणि माघातील यात्रा व सोमवती अमावास्येची पर्वणी वेगळी. भीमेच्या दोन्ही तीरांवरील धनगर, माळी, मराठा, रामोशी अशा अनेक समाजांचे खंडोबा हे कुलदैवत आहे. त्यांच्या घरी लग्नकार्यानंतर वाघ्या-मुरळी जागरण मांडतात. दिमडी, तुणतुणे आणि घोळ यांच्या साथीने रात्रभर चालणाऱ्या या विधिनाट्यात खंडोबा आणि म्हाळसा यांचा सारीपाट येतो.

कथा सर्वश्रुत आहे. तरी तिची रचना नीट पाहिली पाहिजे. देव आणि म्हाळसा पट मांडून बसतात. हरणाऱ्याने राज्य सोडून १२ वर्षे दूर राहावे, असा पण ठरतो. डाव म्हाळसा जिंकते. देव गड उतरून चंदनपुरीस जातो, बाणाईच्या वाड्यावर चाकरी धरतो, तिची मेंढरे राखतो आणि अखेरीस तिच्याशी विवाह करून तिला जेजुरीस आणतो. पुढे दोघी सवतींचा कलह होतो आणि बाणाईला गडाच्या अर्ध्या वाटेवर स्थान मिळते. आजही जेजुरीचा डोंगर चढताना बाणाईचे मंदिर पायऱ्यांच्या वाटेवर लागते आणि म्हाळसा वर देवाजवळ असते. काही कथनांत तर देव मुद्दामच हरला असे सुचवले जाते. बाणाईकडे जाण्यासाठी त्याला पराभवाचे निमित्त हवे होते.

या कथेत पट कशाचेही प्रतीक नाही. तो घटना आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. एक घर बाजारपेठेचे, दुसरे रानातले. या दोन जीवनपद्धतींमधील अंतर सामाजिक नियमांनी ओलांडता येत नाही, ते फाशांच्या दानाने ओलांडले जाते. राजा चाकर होतो, गडावरचा देव मेंढपाळ होतो आणि हे सारे नियमबाह्य ठरत नाही, कारण ते एका नियमानेच घडलेले असते. खेळाचा नियम समाजाच्या नियमाला काही काळ बाजूला सारतो. पशुपालक दैवतांचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या दोन पत्नींमध्ये स्थिर वस्ती आणि फिरते पशुपालन यांचा सांधा पाहिला. त्याला येथे एक पुस्ती जोडता येईल : कथेत हा सांधा सारीपाटाच्या डावाने जुळतो.

ही कल्पना एकाकी नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत; एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतील शिल्पे प्रसिद्ध आहेत. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन यांनी १९९७ साली शिवाच्या या द्यूतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महाभारतातही द्यूतानंतर १२ वर्षांचा वनवास येतो. परंतु तेथे वनवास हा सर्वनाश आहे, तर खंडोबाच्या कथेत तोच कालावधी नव्या नात्याची सुरुवात ठरतो. सारख्याच कथाबंधाला लोकपरंपरेने वेगळा अर्थ दिला, असे म्हणावे लागते.

मराठीच्या आद्य गद्यग्रंथातही खेळ घटना म्हणूनच येतो. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'तील एकांकात चक्रधरांच्या पूर्वायुष्याचा प्रसंग आहे. हरिपाळदेव द्यूतात हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतात आणि तिच्या नकारातून त्यांच्या मनात विरक्ती उत्पन्न होते. येथे द्यूताची निंदा करणे हा कथनाचा हेतू दिसत नाही. एक हरलेला डाव आणि एक नकार यांतून आयुष्य वळते, एवढेच कथन नोंदवते. या दोन्ही कथांत पत्नी निर्णायक आहे. एकीत ती जिंकते, दुसरीत ती नाकारते. खेळ ही केवळ पुरुषांची मिरास होती, हा समजही त्यामुळे तपासावा लागतो.

याच्या अगदी विरुद्ध दृष्टी मोक्षपटात आढळते. मोक्षपटावर घराघरांत शब्द असतात : सद्गुण, दुर्गुण, लोक, योनी. शिडीने वर जायचे, सापाच्या तोंडून खाली यायचे आणि अखेरीस मोक्षपद गाठायचे. हा पट खेळणे म्हणजे एक संहिता वाचणे होय. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. मात्र या प्रकारचे उपलब्ध दिनांकित पट अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत आणि जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठास २०१९ साली सादर केलेल्या प्रबंधानंतर हे कर्तृत्व ऐतिहासिक अर्थाने स्वीकारणे कठीण झाले आहे. येथे महत्त्वाचे आहे ते वेगळेच. मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड नसते. फासा पडेल तेथे जायचे आणि त्या घराचा अर्थ आधीच लिहिलेला असतो. सारीपाटात दान दैवाचे असले तरी कोणती सोंगटी हलवायची हे खेळणारा ठरवतो. एकात अर्थ पटावर लिहिलेला, दुसऱ्यात तो डावातून घडणारा. संसाराला 'सारीपाट' म्हणताना आपण प्रत्यक्षात मोक्षपटाची दृष्टी सारीपाटावर लादतो. नियतीपुढे माणूस सोंगटीसारखा हतबल आहे असे आपल्याला म्हणायचे असते. सोंगटी हलवणारा हात आपण विसरतो.

हे का घडले, याचे एक कारण वसाहतकाळात सापडते. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातील तरतुदींतून वगळले. कौशल्य आणि दैव अशी विभागणी त्यामुळे कायद्याच्या भाषेत पक्की झाली. बुद्धिबळ प्रतिष्ठित ठरले. फासा आणि कवडी संशयास्पद ठरली. दुसरे कारण लेखनाशी निगडित आहे. बुद्धिबळाच्या चाली लिहून ठेवता येतात. त्यामुळे शतकापूर्वीचा डाव आजही वाचता येतो, त्याचा इतिहास होतो, त्यावर समीक्षा होते. सारीपाटाला अशी लेखनपद्धती प्रचारात नव्हती. डाव मोडला की तो गेला. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषाव्यवस्थेसाठी बुद्धिबळाचा दृष्टान्त आहे. कारण बुद्धिबळात प्रत्येक क्षणीची स्थिती स्वयंपूर्ण असते, मागील चाली ठाऊक असण्याची गरज नसते. या दृष्टान्ताने विसाव्या शतकातील साहित्यविचारावर मोठा प्रभाव टाकला. दैवाला जागा असलेला सारीपाट दृष्टान्त म्हणून घेतला असता तर संरचनेबरोबर आकस्मिकतेचाही विचार करावा लागला असता, हे नोंदवण्यासारखे आहे.

लेखाच्या आरंभी ज्या पाश्चात्त्य मेळाव्यांचा उल्लेख केला, तेथे नेमकी ही आकस्मिकता कथनाला परत मिळालेली दिसते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात मेजाभोवतीची माणसे पात्रे होतात आणि कथा पुढे कोठे जाईल हे फाशांवर ठरते. कथन, भूमिका आणि फासा यांचा हा संयोग विसाव्या शतकाचा शोध मानला जातो. जागरणाच्या रात्री मुरळी म्हाळसेच्या वतीने बोलते, वाघ्या देवाच्या वतीने उत्तर देतो आणि दोघांमध्ये पट असतो, तेव्हा हाच संयोग वेगळ्या रूपात समोर असतो. भेद असा की जागरणात निकाल ठाऊक असतो. देव हरणारच. पण तो कसा हरतो, हे दर रात्री नव्याने सांगावे लागते. प्रेक्षकांमध्ये नवविवाहित जोडपे बसलेले असते. आपल्या संसाराच्या आरंभी ते एक असा डाव पाहते की ज्यात पत्नी जिंकते आणि पती घराबाहेर पडतो. या प्रसंगाचा अर्थ 'संसार हा सारीपाट आहे' एवढ्या एका वाक्यात मावत नाही.

'मांडणे' हे क्रियापद या संदर्भात लक्षणीय आहे. मराठीत डाव मांडतात, जागरण मांडतात, जत्रेत दुकान मांडतात, संसार मांडतात आणि विचारही मांडतात. समीक्षेची 'मांडणी' याच कुळातली. जे मांडले जाते ते मोडले जाणार, हे या क्रियापदात गृहीत आहे. मोडून गेलेल्या मांडणीचा अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासापुढे कायमच उभा असतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुने पट, सोंगट्या आणि फासे जतन केलेले आहेत. वस्तू राहिल्या, त्यांच्याभोवतीचे बोलणे संग्रहालयात ठेवता येत नाही. ते शोधायचे तर शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर जागरण घालणाऱ्या वाघ्या-मुरळींकडे जावे लागेल आणि सारीपाटाच्या प्रसंगाची पाठांतरे कथनागणिक टिपून घ्यावी लागतील. पण कोणत्या शब्दांत ठरतो, दान कोण मोजते, देव मुद्दाम हरला की खरोखर हरला, हे भेद किरकोळ नाहीत. देव मुद्दाम हरत असेल तर ती लीला ठरते आणि अध्यात्माच्या चौकटीत सुखाने बसते. तो खरोखर हरत असेल, तर मराठी कथनपरंपरेने देवालाही नियमाखाली आणले, एका स्त्रीने टाकलेल्या दानाला त्याच्याहून श्रेष्ठ मानले, असे म्हणावे लागेल. दोन्ही पाठ गायिले जात असताना त्यांपैकी एकच आपल्या ग्रंथांत उरला, तर हरलेला डाव देवाचा नसेल, वाङ्मयेतिहासाचा असेल.