सातबाराच्या खरेपणाचा इतिहास

पीककर्ज काढायचे असो, हमीभाव केंद्रावर तूर घालायची असो, विहिरीला अनुदान मिळवायचे असो की भावाभावांत वाटणी करायची असो, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आधी सातबाराचा उतारा काढावा लागतो. वर गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाच्या नावे, क्षेत्र किती, आकार किती, बोजा कोणाचा; खाली गाव नमुना बारा, म्हणजे कोणत्या हंगामात कोणते पीक. हा उतारा आता मोबाइलवर मिळतो, त्यामुळे त्याचा इतिहासही साधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी काठी, मग साखळी, मग छापील नमुने, मग संगणक, मग ॲप. हा क्रम खरा आहे, पण अपुरा आहे. दोनशे वर्षांचा पुरावा पाहिला तर नोंदीचा खरेपणा साधनापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर ठरत आलेला दिसतो. बांधावर जाऊन नोंद कोण करतो, आणि जिच्यावर आपले पोट अवलंबून आहे ती नोंद शेतकऱ्याला पाहता येते का, तिच्यावर हरकत घेता येते का, हे दोन प्रश्न प्रत्येक वळणावर निर्णायक ठरले आहेत.

जमीन मोजायला इंग्रजांनी शिकवले असे नाही. निजामशाहीत मलिक अंबरने पाहणी करून धारा बसवला होता. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली मोजणी झाली. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब नि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर, असे तिचे माप होते. पेशवाई संपेपर्यंत मात्र गावाची खरी माहिती कुळकर्ण्याच्या दप्तरात आणि पाटलाच्या डोक्यात होती. १८१८ नंतर कंपनी सरकारला या दोघांवर विसंबायचे नव्हते. १८२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम आले. इंग्लंडात नव्याने मांडला गेलेला खंडाचा सिद्धांत त्याने प्रमाण मानला होता. जमिनीच्या प्रत्येक प्रतीचे उत्पन्न काढायचे, त्यातून बी-बियाणे, बैल, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, अशी त्याची योजना होती. कागदावर याहून काटेकोर पद्धत त्या काळी शोधून सापडली नसती. प्रत्यक्षात शेतावर गेले ते हाताखालचे कारकून. त्यांनी लाच घेऊन हलकी जमीन भारी आणि भारी जमीन हलकी लिहिली, उत्पन्नाचे आकडे अंदाजाने भरले, आणि त्या आकड्यांवर साहेबाने अचूक गणित केले. धान्याचे भाव पडलेले असताना हा सारा बसला. इंदापूरसारख्या तालुक्यात शेते ओस पडली, कुणबी गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले.

१८३५ साली इंदापुरातच फेरपाहणी सुरू झाली. ती करणारे हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी निव्वळ उत्पन्न शोधण्याचा नादच सोडला. मातीचा रंग, पोत आणि खोली या डोळ्यांना दिसणाऱ्या, कुदळीने तपासता येणाऱ्या गोष्टी पाहून त्यांनी जमिनीची प्रत आण्यांत लावली. सोळा आण्यांची सर्वांत चांगली, तिथून खाली उतरत दोन आण्यांपर्यंत. ३३ फुटांच्या साखळीने मोजणी झाली. तिच्या चौरसाचा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. साऱ्याचा दर मात्र शेतावर ठरत नसे. आधीच्या वसुलीचा इतिहास, पाऊसमान आणि बाजाराचे अंतर पाहून तो सबंध तालुक्यासाठी किंवा गावांच्या गटासाठी ठरे आणि प्रतीनुसार शेतांवर वाटला जाई. १८३६ साली इंदापुरात हा सारा ३० वर्षांसाठी कायम झाला. पुढे १८४७च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची झाली. प्रत लावणारा कारकून चुकला, तर शेजारच्या शेताकडे बोट दाखवून ‘हे दोन्ही एकच रान आहे’ असे म्हणणे निरक्षर शेतकऱ्यालाही शक्य होते. प्रिंगलच्या निव्वळ उत्पन्नाच्या हिशोबाबद्दल तो काय बोलणार होता?

यावर एक रास्त आक्षेप आहे. इंदापुरात पुन्हा नांगर चालले ते सारा कमी केल्यामुळे. नोंदीच्या पद्धतीला त्याचे श्रेय देणे चूक आहे. सारा कमी झाला हे खरेच, आणि लागवड वाढण्यात त्याचा वाटा मोठा होता हेही मान्य करायला हवे. पण दर पुढे वाढले. तीस वर्षांनी झालेल्या फेरआकारणीत ते इतके चढले की १८७५च्या दख्खनच्या उठावामागच्या कारणांत सावकारीबरोबर त्यांचीही चर्चा झाली. तरीही त्या पाहणीतले सर्व्हे नंबर, गुंठे आणि आकार टिकले. वसुलीशी वैर असलेल्या लोकांनीही मोजणी मानली, कारण ती त्यांना पडताळता येत होती. आजच्या सातबारावर आकाराचे जे किरकोळ रुपये-पैसे दिसतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

मात्र ही पाहणी सरकारच्या गरजेपुरतीच होती. सारा कोण भरतो एवढेच तिला हवे होते. गहाण कोणाकडे आहे, हिस्सेदार किती, कसतो कोण, हे तिने विचारलेच नाही. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलेला कुणब्याचा अनुभव याच पोकळीतला आहे: कागद वाचता न येणारा शेतकरी आणि कागद ज्याच्या हाती तो कुळकर्णी. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि १९१३मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली. गावच्या दप्तराचे नमुने एकसारखे झाले. हक्कात बदल झाला की फेरफाराची नोंद, तिची चावडीवर नोटीस, हरकतीसाठी मुदत आणि मग वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी, असा क्रम बसला. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हरकतीचा टप्पा. अशी नोंद खोटी ठरेपर्यंत कायदा ती खरी मानतो, म्हणून ती पक्की होण्याआधी चारचौघांसमोर येणे ही शेतकऱ्याची एकमेव ढाल होती.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. चारचौघे म्हणजे कोण? चावडीवर ज्याचे चालते त्याच्याविरुद्ध हरकत घेण्याची हिंमत कोणाची? १९४८चा कूळकायदा आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारा १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी हा प्रश्न उघडा पाडला. कसणाऱ्याचा हक्क सिद्ध करण्यात पीकपाहणीच्या नोंदीला मोठे वजन होते. साहजिकच जमीनमालकांनी कुळांची नावे नोंदीतून काढायला, त्यांच्याकडून ‘राजीखुशीचे’ राजीनामे लिहून घ्यायला सुरुवात केली. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या तपासणीत कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम किती थोडा झाला हे तेव्हाच दाखवले होते. बायकांची तर गोष्टच वेगळी. शेतातले निम्म्याहून अधिक कष्ट करूनही धारकाच्या रकान्यात त्यांचे नाव नसे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पुरुषांना पत्नीच्या नावे जमीन करायला लावली, तेव्हा कुठे त्या रकान्याकडे लक्ष गेले. उघडी नोंद आपोआप न्यायी होत नाही, हे या इतिहासावरून स्पष्ट आहे. पण कूळ असो की बाई, ज्यांचे नुकसान झाले त्यांना दाद मागायला सोपी जागा उरली नव्हती, हेही तितकेच स्पष्ट आहे. त्यावर उपाय म्हणजे नोंद अधिक लोकांच्या नजरेत आणणे. ती बंद खोलीत नेल्याने बळकटालाच सोय होते.

संगणकाचा काळ याच कसोटीवर तपासावा लागतो. १९८८-८९मध्ये देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग झाला, त्यात वर्धा होता. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. तलाठ्याच्या मागे हेलपाटे घालणे कमी झाले. हा लाभ मोठा आहे आणि तो कमी लेखू नये. पण हस्तलिखितातली चूक टंकली की ती संगणकातही चूकच राहते, वर तिला अधिक विश्वासार्ह रूप येते. नावांतल्या, क्षेत्रांतल्या अशा चुका शोधायला सरकारला २०१७मध्ये चावडीवाचनाची मोहीम घ्यावी लागली: गावाला बोलावून उतारे वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या. इतकी यंत्रे आल्यावरही खरेपणाची खात्री पटवायला चावडीच लागली.

१५ ऑगस्ट २०२१पासूनच्या ई-पीक पाहणीने शेवटी नोंद करणारा हातच बदलला. पिकाचा फोटो काढून, शेताच्या स्थानासह, शेतकरी स्वतः माहिती भरतो. शेतकरी खोटे भरेल ही शंका घेतली जाते. कार्यालयात बसून भरलेल्या पीकपाहणीची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेतात उभे राहून काढलेला फोटो तिच्याहून कमी भरवशाचा वाटू नये. खरी उणीव दुसरीकडे आहे. डोंगराळ भागात रेंज नाही, अनेक घरांत तसा फोन नाही, आणि बटाईने कसणाऱ्याला या नोंदीत अजूनही जागा नाही. नोंद राहिली की विमा आणि हमीभावाची खरेदी दोन्ही अडतात.

म्हणून ग्रामसभांनी एक मागणी लावून धरावी. चावडीवाचन एकदाची मोहीम न राहता दरवर्षी खरिपानंतर व्हावे, त्यात नमुना सातबरोबर नमुना बाराही वाचला जावा, आणि हरकत घेणाऱ्याला, मग तो बटाईदार असो की खातेदाराची बायको, तिथल्या तिथे लेखी पोच मिळावी.