साठपैकी साठ

११ जून १९८२. मॉरिशसच्या मुख्य बेटावरच्या साठही जागा अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीने जिंकल्या. स्वातंत्र्याच्या लढ्याचे नेते, पंतप्रधान शिवसागर रामगुलाम स्वतःही पडले. तरी सभागृहात विरोधक बसले. कारण तिथली राज्यघटना कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतल्या पराभूत उमेदवारांना जास्तीत जास्त आठ जागा देते. त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उर्वरित असे चार गट धरतात. तिथले मराठी भाषक हिंदूंत येतात. हिशेब मात्र १९७२ च्या जनगणनेचा.

अल्पसंख्याकांना यातून आवाज मिळतो, पण उमेदवाराला आधी आपला समाज सांगावा लागतो. ही किंमत मला खुपते. तरीही साठपैकी साठ लाटेला गेल्यावर उरलेल्यांचे कोण बोलणार, हा प्रश्न त्या छोट्या देशाने आधीच विचारून ठेवला होता. आणि ती अजिंक्य आघाडी? वर्षाच्या आत फुटली. ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली.